मास्तरांची फुली

"गाणं नको. आधी रिकामं चालवा," मास्तर म्हणाले.

काउंटरपलीकडच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "रिकामं म्हणजे?"

"म्हणजे नुसतं चालू करा. आत काही लावू नका."

"अहो काका, हा म्युझिक प्लेअर आहे. गाणं लावल्याशिवाय ऐकायचं काय ह्यात?"

"तेच ऐकायचंय," मास्तर म्हणाले, आणि हेडफोन कानांवर चढवून त्यांनी डोळे मिटले.

ती शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. दुकानदाराने मदतीच्या आशेने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर वळवली. आपण ह्यांच्या कोणी लागत नाही, अशी पाटी गळ्यात अडकवून फिरता आलं असतं तर ती सकाळीच अडकवून निघाली असती. हक्काचा सुट्टीचा दिवस, घरी धुण्याचा ढीग, आणि ती इथे गाणी वाजवायचं यंत्र शोधत बसली होती. तेसुद्धा कोणासाठी, तर ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही असं तिने आठ महिन्यांपूर्वी ठरवलं होतं त्याच्यासाठी.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. पंख्याच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात ते चौतीस वर्षं मोटरी ऐकत होते. भिंतींना जाड गाद्या ठोकलेली, एकामागे एक दोन दारं असलेली छोटी खोली होती त्यांची. टेबलावर रबराचा तुकडा, त्यावर मोटर ठेवायची, बटण दाबायचं, हातभर लाकडी दांडीचं एक टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं आणि दुसरं कानाशी धरायचं. पंख्याची पाती न लावता मोटर नुसती फिरवायची, त्याला कारखान्यात रिकामी चालवणं म्हणत. मोटर चांगली निघाली की पांढऱ्या खडूने बरोबरची खूण, नाही निघाली तर लाल खडूने फुली. पास-नापास करतात म्हणून मास्तर. घरघर, कुरकुर, खरखर, किरकिर, तुम्हाआम्हाला सगळं सारखंच. त्यांना त्यातली घरघर ऐकून ग्रीस कमी आहे हे कळे आणि किरकिर ऐकून आत धूळ गेली आहे हे कळे. साहेब लोकांनी दोनदा परदेशी यंत्र आणून पाहिलं. दोन्ही वेळा यंत्र चुकलं आणि मास्तर बरोबर निघाले. तेव्हापासून कारखान्यात नियमच झाला की मास्तरांची फुली मास्तरांनीच पुसायची, दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही.

येत्या शनिवारी मास्तर निवृत्त होणार होते. काय भेट हवी असं विचारल्यावर माणूस सहसा लाजतो, काहीही चालेल म्हणतो. हे म्हणाले, "मला गाणी ऐकायचं यंत्र द्या. खिशात मावेल असं. पण आवाज एकदम शुद्ध हवा." ते निवडायला त्यांच्याबरोबर कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा जो तो काढता पाय घेऊ लागला. शेवटी फोरमनने पैशाचं पाकीट तिच्या हातात ठेवलं. "बाई, तुम्हीच जा. एक दिवस बरोबर घालवा, मनातली अढी सुटेल." माणसांच्या मनातलं आपल्याला फार कळतं, असं फोरमनला वाटत असे. दुसऱ्या कोणाला तसं वाटत नव्हतं.

अढी होती, ही गोष्ट मात्र खरी. अकरा वर्षं ती दोन नंबरच्या टेबलावर बेअरिंग बसवत होती. प्रेसखाली बेअरिंग केसभर तिरकं गेलं तरी मोटर जन्मभर रडते. तिचं जात नसे. नव्या बायका तिचा हात बघायला येऊन उभ्या राहत. आणि मग गेल्या वर्षी तिच्या मोटरींवर फुल्या यायला लागल्या. आधी दोन, मग चार, मग टोपलीभर. रजिस्टरात कारण दरवेळी एकच: बारीक शीळ. तिने बेअरिंगचं खोकं बदललं, प्रेस उघडून साफ करून घेतला, हात रॉकेलने धुतले. तरी शीळ. तिने मोटरीला स्वतःचा कान लावून पाहिलं. काहीसुद्धा ऐकू आलं नाही. "मास्तर, नाहीये हो शीळ," ती म्हणाली. "आहे," मास्तर म्हणाले. झालं. सदतीस मोटरी नापास मालाच्या जाळीच्या खोलीत जाऊन पडल्या, ऑर्डरी कमी झाल्याच होत्या म्हणून साहेबांनी दोन नंबरचं टेबलच बंद करून टाकलं, आणि तिला पॅकिंगला पाठवलं. दिवसभर उभं राहायचं, खोकं, चिकटपट्टी, लेबल, नंबर. त्याचंही तिला इतकं नव्हतं. पण हात गेला तिचा, असं लोक म्हणाले. नवरासुद्धा म्हणाला, "वय होतं माणसाचं. एकदा डोळे तपासून घे." त्या दिवशी ती जेवली नव्हती.

आज ती आली होती त्याचं कारण फोरमनला ठाऊक नव्हतं. शनिवारी निरोपसमारंभ झाला की जाळीच्या खोलीतला सगळा माल भंगारात जाणार होता, आणि त्या सदतीस मोटरींच्या यादीवर तिचं नाव होतं. त्या फुल्या पुसू शकणारा एकच माणूस होता आणि तो शनिवारनंतर कारखान्यात असणार नव्हता. एकदा परत ऐका, एवढंच तिला मागायचं होतं. तेवढ्यासाठी ती दिवसभर त्यांच्यामागे फिरायला तयार झाली होती.

"ह्यात भणभण आहे," मास्तरांनी पहिला प्लेअर बाजूला सारला. दुसऱ्यात खरखर निघाली. तिसरा त्यांनी बराच वेळ ऐकला. दुकानदाराने त्यात एकट्या बासरीचं काहीतरी लावलं होतं.

"डावी बाजू हलकी आहे."

"शक्यच नाही," दुकानदार म्हणाला. हा माणूस नुसता विकणारा नव्हता, स्वतः ऐकणारा होता. त्याने आतून कसलंसं मीटर आणलं, तारा जोडल्या, आकडे पाहिले आणि चष्मा पुसला. "आहे खरी हलकी. एवढीशी. काका, तुम्ही करता काय?"

"मोटरी ऐकतो."

चौथा प्लेअर काळा होता, पत्त्यांच्या जोडाएवढा. मास्तरांनी तो रिकामा ऐकला आणि नुसते बसून राहिले. तिने त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या होत्या. कामाच्या खोलीत त्या कधी सैल पडत नसत.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काहीच नाही," ते हळूच म्हणाले. "आत काहीच नाहीये, बाई. एकदम शांत." मग त्यांनी बासरी ऐकली, डोळे उघडले आणि दुकानदाराला विचारलं, "दोघांना एकदम ऐकता येईल ह्यावर?"

"येईल की. हेडफोनला दोन जागा आहेत."

"मग हाच घ्या," तिने पर्सची चेन उघडली. साडेदहा वाजले होते. बारापर्यंत घरी, धुणं भिजवून जेवायला मोकळी, असा हिशेबही तिने मनात करून टाकला.

"थांबा," मास्तर उठले. "बाकीची दुकानं पाहू आधी."

"अहो, पण हा चांगला आहे ना?"

"सगळा लॉट पाहिल्याशिवाय मी पहिल्या नगावर खूण करत नाही. चौतीस वर्षांत केलेली नाही."

 तिने काळ्या प्लेअरच्या पाठीवरचा नंबर पाहिला आणि शेवटचे चार आकडे पेनने मनगटावर लिहून घेतले. पॅकिंगची सवय. नंबर लिहिल्याशिवाय वस्तू नजरेआड होऊ द्यायची नाही.

बसमध्ये खिडकीपाशी मास्तर बसले आणि ती शेजारी. विषय कसा काढावा, ह्याची ती मनात जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात तेच बोलायला लागले. कामावर दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, पण आज तोंड सुटलं होतं.

"घरात रेडिओसुद्धा आणला नाही मी कधी. दिवसभर मोटरी ऐकून घरी गेलं की कानाला काही सोसायचं नाही. आमची ही कामं करताना गुणगुणायची. चांगला गळा होता. मी म्हणायचो, थोडी गप्प बस, कान दमलेत." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "मग गप्पच बसली. आता म्हटलं तरी गुणगुणत नाही. म्हणते, सवय गेली. म्हणून म्हटलं, आता दोघांनी बसून ऐकायचं. जन्मभर खराब तेवढं ऐकलं, आता चांगलं ऐकायचं."

तिला क्षणभर त्यांच्या बायकोची कीव आली आणि लगेच स्वतःची आली.

"पण घरात शांतता कुठाय?" ते पुढे म्हणाले. "संध्याकाळ झाली की फ्रीज शिट्टी मारतो. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. म्हणतो, काही नाही. अरे, तुला ऐकू येत नाही म्हणून नाही का? मग वाटलं ट्यूबलाइट असेल. तीही बदलली. असला वैताग आहे."

"मास्तर," तिने एकदाचा धीर केला. "माझ्या त्या सदतीस मोटरी. शनिवारी भंगारात जाणार आहेत. त्याआधी एकदा परत ऐकाल?"

ते वळले. रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

"शीळ होती, बाई. मी ऐकली."

"एकदाच परत ऐका."

"तुमचा हात चांगला होता. मी साहेबांनाही तसं सांगितलं होतं. पण शीळ होती. तुम्ही बाई चांगल्या म्हणून मी फुली पुसायला लागलो तर माझ्या पांढऱ्या खुणेला काय किंमत राहिली?"

पुढचे दोन थांबे ती खिडकीकडे पाठ करून बसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि बसमध्ये तिचं काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दुकानात प्लेअर काचेच्या कपाटात दागिन्यांसारखे मांडले होते. विकणारी मुलगी बिट आणि किलोहर्ट्झचा पाढा म्हणायला लागली. मास्तरांनी तिला हात करून थांबवलं. "रिकामं चालवा." मुलगी हसली. एकेक करून पाच प्लेअर झाले. पहिल्या दोनांत मास्तरांना खरखर सापडली, तोवर दुकानातलं घड्याळ साडेबाराच्या पुढे गेलं. तिसऱ्याला मास्तरांनी मान वाकडी केली.

"ह्यात बारीक शीळ आहे."

तिच्या हातातली पर्स खाली पडली. तेच दोन शब्द, त्याच सुरात.

चौथ्यात शीळ. पाचव्यात शीळ. तिसऱ्या दुकानात गेले तर तिथल्या पहिल्या सातही प्लेअरांत शीळ. तिथला विक्रेता तिरसट होता. "आजोबा, जगातले लोक हेच घेतात. सगळे बहिरे आणि तुम्ही एकटे शहाणे, असं कसं?" मास्तरांचा चेहरा लाल झाला. "असं असू शकतं," ते म्हणाले, आणि त्यांनी आठवा मागितला.

दुपारचे दोन वाजून गेले. दोघांच्याही पोटात काही नव्हतं. ऊन रस्त्यावर असं पसरलं होतं की दुकानांच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला सावली नव्हती, आणि तिची नवी चप्पल टाचेला लागत होती. ती फुटपाथवर उभी राहिली.

"मास्तर, मला एक सांगा. तुम्हाला यंत्र घ्यायचंय की नापास करायचंय?"

"चांगलं असेल तर घेऊ ना."

"मी आत्ता आत ऐकलं. हा आठवा कानाला लावला मी. एक आवाज नाही त्यात. काही नाही!"

"तुम्हाला नाही ऐकू आली."

"हो, मला नाही ऐकू आली! मला तेव्हाही नाही ऐकू आली. त्या दुकानातल्या मुलीला नाही आली, ह्या माणसाला नाही आली, तुमच्या फ्रीजवाल्याला नाही आली. तुम्हाला तेवढी येते. मोटरीत येते, ह्यात येते. मी रॉकेलने हात धुतले हो मास्तर, कातडी निघाली हातांची, तुमची ती शीळ जावी म्हणून." दोन माणसं थांबून पाहायला लागली. तिला त्याची लाज वाटली नाही. "चला. त्या पहिल्या दुकानात चला. तो काळा तुम्हीच म्हणालात शांत आहे. तो घ्यायचा आणि घरी जायचं. आता चौथं दुकान नको आणि पाचवं नको."

मास्तर निघाले. तिच्यामागून बसमध्ये चढले. हातरुमाल काढून त्यांनी कान पुसले. आधी एक आणि मग दुसरा.

पहिल्या दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि तो खूश झाला. "या काका. मला माहीत होतं. बाजूला काढून ठेवलाय तुमच्यासाठी." त्याने काळा प्लेअर समोर ठेवला, हेडफोन पुसून दिले आणि वायर जोडून दिली. मास्तर स्टुलावर बसले, डोळे मिटले. ती काउंटरला टेकून उभी राहिली आणि पर्समधलं पाकीट तिने हातात काढून घेतलं. आता काही झालं तरी पाकीट परत आत जाणार नाही, असं तिने ठरवलं होतं.

मास्तरांच्या कपाळावर आठ्या उमटल्या.

"नग बदललात तुम्ही."

"काय?" दुकानदाराचा चष्मा खाली आला.

"सकाळचा हा नव्हे. ह्यात शीळ आहे."

"काका, तोंड सांभाळून बोला. वीस वर्षं दुकान चालवतोय मी. गिऱ्हाइकाचा नग बदलणाऱ्यातला नाही."

"मग ही शीळ कुठून आली? सकाळी नव्हती."

तिने प्लेअर उचलून उलटा केला आणि आपलं मनगट त्याच्याशेजारी धरलं. घामाने शाई पसरली होती, पण आकडे वाचता येत होते. चार, एक, नऊ, सहा. प्लेअरच्या पाठीवर चार, एक, नऊ, सहा.

"हाच आहे, मास्तर. मी लिहून घेतलाय."

मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं, प्लेअरकडे पाहिलं. हेडफोन त्यांच्या कानांवर तसेच होते. "पण शीळ आहे," ते हट्टाने म्हणाले. "ही बघा. आत्ताही येतेय."

दुकानदाराने काउंटरवर वाकून प्लेअर पाहिला आणि त्याचा राग एकदम कुठे गेला ते त्यालाही कळलं नसेल.

"काका," तो म्हणाला, "मी अजून चालूच केलेला नाही हा."

 तिने पाहिलं, प्लेअरची काच काळी होती. त्यात वरच्या दिव्याचा ठिपका तेवढा दिसत होता.

मास्तरांनी हेडफोन काढले आणि काउंटरवर ठेवले. मग वायरसुद्धा ओढून काढली. थोडा वेळ मान किंचित तिरकी करून बसले, दांडी धरल्यावर बसत तसे, फक्त आता हातात दांडी नव्हती आणि समोर मोटर नव्हती.

"किती वाजले?"

"सव्वातीन," ती म्हणाली.

"फ्रीज," मास्तर म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. "ट्यूबलाइट." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की ती एक पाऊल मागे सरली. "बाई, तुमचा दोन नंबरचा लॉट माझ्याकडे किती वाजता यायचा?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. एक नंबरचा लॉट सकाळी लागायचा. दोन नंबरचा जेवणाच्या सुट्टीनंतर, कान अर्धा दिवस मोटरी ऐकून दमलेले असताना. अकरा वर्षं तसंच होतं. आणि टेबल बंद झाल्यावर दुपारी ऐकायला काही उरलंच नव्हतं. दुपारी ते रजिस्टर भरत बसत.

"दुपारी," ती म्हणाली.

ही घटका यावी म्हणून तिने आठ महिने किती बोटं मोडली होती. सगळ्या कारखान्यासमोर मास्तर खोटे पडतात आणि आपण कमरेवर हात ठेवून उभ्या आहोत, असं ती कितीदा मनात रंगवत झोपली होती. आता ते झालं होतं, आणि तिला रडू येत होतं, आणि त्यातही राग होताच.

"आठ महिने," तिचा आवाज फाटला. "आठ महिने मी खोक्यांना पट्ट्या लावतेय. माझा नवरा मला म्हणाला डोळे तपास. तुम्हाला एकदा वाटलं नाही, आपला कान तपासावा?"

"नाही," मास्तर म्हणाले. "नाही वाटलं." त्यांनी सारवासारव केली नाही. केली असती तर तिला बरं पडलं असतं, आणखी चार शब्द सुनावता आले असते.

दुकानदार मध्येच खाकरला. बिचारा कधीचा अवघडून उभा होता. "मग काका, हा पास की नापास?"

मास्तरांनी काळ्या प्लेअरवर बोट ठेवलं.

"पास. सकाळी ऐकलाय मी. सकाळचं माझं खरं आहे."

तिने पाकीट दिलं. दुकानदार प्लेअर खोक्यात घालायला लागला तेव्हा तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः नीट बसवला, कागद घातला, चिकटपट्टी एका ओढीत सरळ लावली. 

थांब्यावर बस येईपर्यंत दोघं एकमेकांपासून चार हात लांब उभी होती. मग मास्तर म्हणाले, "फोरमनला मी सांगतो. उद्याच."

"काय सांगाल?"

"कान गेला म्हणून."

"शनिवारी समारंभ आहे तुमचा," ती म्हणाली. "साहेबांचं भाषण टाइप करून आलंय. चौतीस वर्षांत एक चूक नाही, असं आहे त्यात. मी वाचलंय."

"बदलायला सांगतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोंगा होण्याआधीच फोरमनने तिला पॅकिंगमधून हाक मारली. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि प्रथमच त्याच्याकडे कोणाच्या मनाविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं. "जा, तुम्हाला बोलावलंय," एवढंच तो म्हणाला.

ऐकण्याच्या खोलीत सदतीस मोटरी भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या. मास्तर एकटेच ढकलगाडीवरून घेऊन आले असणार, शर्ट घामाने भिजला होता. अकरा वर्षांत ती ह्या खोलीत फक्त दारापर्यंत आली होती. आत आल्यावर दोन्ही दारं बंद झाली आणि बाहेरचा सगळा कारखाना एकदम नाहीसा झाला.

"बसा," मास्तर म्हणाले, आणि कामाला लागले.

मोटर रबरावर, बटण, दांडी. डोळे मिटलेले. मग बटण बंद, ओलं फडकं, आणि तिची फुली पुसली जायची. लाल पाणी पत्र्यावरून ओघळायचं, ते कोरडं करून मास्तर पांढऱ्या खडूने खूण करायचे. दरवेळी ते एकच शब्द म्हणत, "चांगली." आठव्या मोटरीनंतर त्यांचा आवाज बसला. बारावीनंतर ते नुसती मान हलवू लागले. ती हात मांडीवर ठेवून बघत होती. आपल्याला फार आनंद होईल असं तिला वाटलं होतं. प्रत्येक मोटरीबरोबर हा माणूस थोडा थोडा म्हातारा होतोय, असं दिसत होतं, आणि तरी त्यांनी थांबावं असं तिला वाटत नव्हतं.

चोविसाव्या मोटरीला त्यांनी दांडी कानाशी धरली आणि खूप वेळ तसेच राहिले. मग दांडी खाली घेतली. घड्याळात बाराला दहा कमी होते.

"सुरू झाली," ते म्हणाले.

"मग उद्या सकाळी करा उरलेल्या."

"उद्या सकाळी डॉक्टरकडे पाठवतायत. आणि आल्यावर इथे बसू देतील असं नाही." त्यांनी दांडी तिच्यापुढे धरली. "तुम्ही ऐका."

"मी?"

"कान तुमचा चांगला आहे. शीळ नाही म्हणून तुम्ही एकट्या सांगत होतात."

दांडी गुळगुळीत होती, वरचं टोक कानाच्या घासण्याने काळं पडलेलं. तिने ती बेअरिंगच्या जागी टेकवली, कानाशी धरली आणि दचकली. मोटर एकदम डोक्याच्या आत फिरायला लागली. खालून एक गोल, भरीव आवाज येत होता, सलग, कुठे न अडखळता. हे आपण बसवलेलं बेअरिंग. अकरा वर्षं हजारो बसवली आणि एकही कधी ऐकलं नव्हतं.

"काय?"

"चांगली," ती म्हणाली. 

पंचविसावी चांगली, सव्विसावी चांगली. मास्तर मोटरी उचलून ठेवत होते, फडकं पिळून देत होते आणि तिने सांगितलं तसं रजिस्टरात लिहीत होते. तिचं म्हणणं त्यांनी एकदाही तपासून पाहिलं नाही.

एकतिसाव्या मोटरीला ती थांबली. दांडी काढून परत टेकवली. त्या भरीव आवाजाच्या तळाशी काहीतरी होतं, अगदी हलकं, आत खडा अडकावा तसं. येत होतं, जात होतं, परत येत होतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते पेन धरून उभे होते. त्यांना हे आता ऐकू येणार नव्हतं, आणि ह्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. यादीवर नाव तिचं होतं.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"कुरकुर आहे," ती म्हणाली. "बारीक. पण आहे."

तिने लाल खडू उचलला आणि मोटरीवर आधीच असलेल्या पुसट फुलीवर नव्याने फुली मारली. दोन्ही रेघा जोर देऊन ओढल्या.

मास्तरांनी रजिस्टरात लिहिलं, कुरकुर. मग त्यांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. ओळीच्या शेवटी ऐकणाऱ्याच्या सहीचा रकाना होता. वर पाहावं तिकडे त्या रकान्यात त्यांचीच सही होती, पान भरून, सगळी पानं भरून. तिने बोटांचा खडू एप्रनला पुसला आणि पेन घेतलं.

"तो प्लेअर शनिवारी मिळेल ना," ती सही करता करता म्हणाली, "तर सकाळी ऐकत जा दोघं. दुपारी नका ऐकू."

"सकाळी," मास्तर म्हणाले. त्यांनी पुढची मोटर उचलून रबरावर ठेवली, बटण दाबलं आणि तिला जागा करून देऊन ते बाजूला उभे राहिले.